प्रितेशपेक्षा मोठा आकडा

हेमाली : थांब. परत मागं घे. स्टेअरिंग पूर्ण डावीकडं मारून घे.

कुणाल : कशाला? लागली की गाडी. मांडवाच्या तोंडाशी लावायची होती, लावली.

हेमाली : लागली, पण लागताना ओरडली. खर्रर्र करून.

कुणाल : खडा असंल अडकलेला.

हेमाली : खडा चाक फिरेल तसा टिकटिक वाजतो. हे फक्त वळताना वाजतंय, आणि आतून वाजतंय.

कुणाल : हेमा, तू नवरी हायस. आज संध्याकाळी तुझं लगीन हाय. ती मेकअपवाली येईल आता. गाडीचे आवाज काय ऐकत बसलीस?

हेमाली : हळद लागली तेव्हापासून मांडवाबाहेर पाऊल टाकायला बंदी आहे मला. ऐकण्याशिवाय दुसरं काय करू? सगळ्या मावश्यांचं ऐकून झालं, आत्याचं ऐकून झालं. आता तुझी गाडी राहिली होती.

कुणाल : मग ये बाहेर, बघ काय ते.

हेमाली : आईला हाक मारू?

कुणाल : नको! येड लागलंय काय? ती आधीच सकाळपासून भडकलीय.

हेमाली : चाकं कधी बदललीस?

कुणाल : दिसली वाटतं.

हेमाली : न दिसायला काय झालं? काळीकुळकुळीत, मधून लाल रेघ. काल सकाळपर्यंत गाडीला कंपनीची चाकं होती.

कुणाल : काल दुपारी टाकली. तुम्ही बायका हळद दळायला बसलात ना, तेवढ्यात कल्याण नाक्याला जाऊन आलो. कशी दिसतात? खरं सांग.

हेमाली : माझ्या हळदीच्या दिवशी तू चाकं घ्यायला गेलास? मामा विचारत होते, भाऊ कुठाय म्हणून. मी सांगितलं, आचाऱ्याला आणायला गेलाय.

कुणाल : तुझ्यासाठीच गेलेलो ना! आज तू ज्या गाडीत बसून सासरी जाणार, ती गाडी साधीच कशी चालेल?

हेमाली : कुणाल, ते ठरलंय. मी दादाच्या गाडीत जाणार आहे.

कुणाल : दादाच्या! ऐकतोय मी, महिनाभर ऐकतोय. सख्खा भाऊ इथं उन्हात उभा, आणि दादा कोण? तर प्रितेश. काकाचा पोरगा.

हेमाली : हळू बोल. काकी आत आहे.

कुणाल : असू दे. दोघांची गाडी एकच. कंपनी एक, रंग एक. नंबर प्लेट झाकली तर काकीला पण कळणार नाय कुठली कुणाची. फरक काय होता? फक्त चाकांचा. त्याची चाकं बाहेर आलेली, गाडी कशी छाती काढून उभी राहते. माझी आपली मडगार्डच्या आत चोरासारखी. म्हटलं, आता बघ.

हेमाली : काय बघू?

कुणाल : माझी त्याच्यापेक्षा मोठी हायत.

हेमाली : मोठी म्हणजे? इंच तर तेवढेच दिसतायत.

कुणाल : इंच नाय ग. त्याच्यामागं एक आकडा असतो. ईटी का काय लिहिलेलं असतं. मागं त्याचं चाक पंक्चर झालं, माणकोलीच्या पुलाखाली, तेव्हा स्टेपनी मीच बदलून दिली. साहेब फोनवर. चाक हातात होतं, मागं लिहिलेलं वाचलं. तीस. डोक्यात ठेवलं.

हेमाली : मग?

कुणाल : मग काय? तो तीस, तर आपण पंचेचाळीस.

हेमाली : अरे देवा.

कुणाल : काय झालं? हसतेस कशाला?

हेमाली : हसत नाहीये. दुकानदार काही बोलला नाही?

कुणाल : बोलला ना. तो बिचारा भय्या म्हणतो, "भाई, पहले एक पहिया लगाके देख लो, ऑफसेट अलग है." मी बोललो, "अलग ही चाहिए. चारों लगा दे." परत म्हणतो, "रिम भी चौड़ा है, घूमने में लगेगा." मी बोललो, "तू लगा, लगने दे."

हेमाली : आणि जुनी चाकं?

कुणाल : त्यालाच दिली. त्याच्यातच बदलून घेतली.

हेमाली : म्हणजे आता परतीचं पण काही नाही.

कुणाल : परत कशाला फिरायचंय? तूच सांग, दोन्ही गाड्या शेजारी लावल्या तर आता कुणाची भारी दिसेल?

हेमाली : तू गाडीच्या समोर जाऊन उभा राहा. वाक. आता बघ, टायर मडगार्डच्या बाहेर आलाय का आत गेलाय?

कुणाल : ऊन हाय ना, नीट दिसत नाय.

हेमाली : कुणाल.

कुणाल : होय, थोडा आत वाटतो. टायर नवीन हाय, चालला की बसेल बाहेर.

सीताबाई : कोन भांडतंय गो? भाईर सारी मानसं बसलीत. आजच्या दिवशी तरी गप ऱ्हावा की रं.

हेमाली : भांडत नाही आई. गाडीचं बोलतोय.

सीताबाई : गारीचं काय बोलायचं? गारी पितेसची ठरलीय ना? त्याला फुलं बी सांगितलीत. कुनाल, तू नारल आनलास का? चाकाखाली ठेवायचा नारल येगला आन, शेंडीवाला. पूजेतला नको.

कुणाल : आणतो. पण ठेवणार माझ्या चाकाखाली.

सीताबाई : का बोलतंस?

कुणाल : बरोबर बोलतोय. या घरातली पोरगी या घरातल्या गाडीत जाणार. बाबा असते तर त्यांनी तिला काकाच्या पोराच्या गाडीत बसवली असती?

सीताबाई : तुझ्या बापाशी टेंपो व्हता. त्याच्यान मेथी आनि दुधी बसायचा. पोरी, समजाव याला. मी वडं सोरून आलेय. आनि पिठाची चालन कोनी न्हेली? मगासपून शोधतंय.

हेमाली : माझ्याकडं आहे, आई. देते दोन मिनिटांत.

सीताबाई : नवरीला चालन कशाला पायजे?

हेमाली : याला शिकवायला.

सीताबाई : शिकव बाय. सालेत तर काय शिकला न्हाय. पन लवकर दे, पीठ तसंच परलंय. आनि मांडवाच्या त्या खांबाच्या फुरं जाव नको!

हेमाली : नाही जात. कुणाल, इकडं ये, खांबापाशी. ही चाळण बघ.

कुणाल : बघितलीय. जन्मापासून बघतोय.

हेमाली : हे गोल कडं, म्हणजे तुझी रिम. याच्यावर टायर बसतो. आणि ही आतली जाळी म्हणजे चाकाची ती पट्टी, जिथं नट मारतो आपण. ही जाळी गाडीला चिकटते. माझी मूठ म्हणजे गाडी.

कुणाल : पुढं.

हेमाली : जाळी कड्याच्या बरोबर मधोमध असेल, तर तो आकडा शून्य. कडं अर्धं गाडीकडं, अर्धं रस्त्याकडं. कळलं?

कुणाल : हां.

हेमाली : आता जाळी मधापासून सरकली आणि रस्त्याच्या बाजूला गेली. अशी. बघ, मूठ जाळीला टेकवली. कडं कुठं गेलं?

कुणाल : तुझ्या मनगटावर आलं.

हेमाली : म्हणजे?

कुणाल : आत गेलं.

हेमाली : जाळी जेवढी रस्त्याकडं, तेवढा आकडा मोठा. मिलिमीटरमध्ये लिहितात. आणि आकडा जेवढा मोठा...

कुणाल : तेवढं चाक आत.

हेमाली : आता चाळण उलटी केली. जाळी गाडीच्या बाजूला, कडं सगळं बाहेर. हा आकडा शून्याच्या खाली. ते जीपवाले असलं लावून फिरतात, चिखल सगळा काचेवर.

कुणाल : थांब, थांब. म्हंजे तीस हा पंचेचाळीसपेक्षा बाहेर?

हेमाली : हो.

कुणाल : आणि मी पंचेचाळीस घेऊन त्याच्यापेक्षा...

हेमाली : बोटभर आत गेलास. कंपनीची चाळीसवर होती, तू त्याच्यापेक्षा पण आत. वर रिम रुंद घेतलीस. रुंदी दोन्हीकडं वाढते, त्यातली अर्धी पण आतच गेली. म्हणून वळताना घासतंय.

कुणाल : हट् साला!

हेमाली : शिव्या नको. पाहुणे आहेत.

कुणाल : मोठा आकडा म्हंजे लहान? कुणी बनवलंय हे? कुठल्या तरी शहाण्यानं बसून माझी वाट लावलीय.

हेमाली : तुझी वाट लावायला कोणी बसलेलं नव्हतं. मोजायची पद्धत आहे ती.

कुणाल : तुला कसं ठाऊक एवढं?

हेमाली : मी कुठं कामाला आहे, कुणाल?

कुणाल : माणकोलीला. त्या मोठ्या गोडाऊनमध्ये.

हेमाली : आणि काय करते तिथं?

कुणाल : कॉम्प्युटरवर असतेस. एन्ट्री.

हेमाली : स्पेअर पार्टचं गोडाऊन आहे ते. मी रिटर्नला बसते. लोक मोबाईलवर फोटो बघून चाकं मागवतात, घरी बसवून बघतात, बसत नाहीत, परत पाठवतात. परत आलेलं प्रत्येक चाक उलटं करून मी त्याच्या मागचा आकडा वाचते. दिवसभर तेच करते.

कुणाल : तू कधी बोलली नाय.

हेमाली : घरी आले की तू विचारायचास, डब्यात काही उरलंय का.

कुणाल : ते मस्करीत.

हेमाली : रोज?

कुणाल : बरं, परत आलेल्या चाकावर तू काय लिहितेस?

हेमाली : कारण लिहायचं असतं. गाडीला जुळत नाही. सगळे तेच सांगतात. भावाचा आकडा लहान होता म्हणून मोठा मागवला, असं अजून कुणी सांगितलं नाही.

कुणाल : हस. हस पोटभर. आणि संध्याकाळी त्याच्या गाडीत बसून त्याला पण सांग, दोघं मिळून हसा. त्याला माहीतच असंल हे आकड्याचं. त्याला सगळं माहीत असतं.

हेमाली : त्याला काही माहीत नव्हतं. त्याला तर शून्य पाहिजे होता.

कुणाल : तुला कसं कळलं त्याला काय पाहिजे होता?

हेमाली : हे बघ...

कुणाल : नाय, नाय, बोल. कसं कळलं?

हेमाली : त्यानं मला विचारलं होतं. घ्यायच्या आधी.

कुणाल : काय विचारलं होतं?

हेमाली : कुठली घेऊ म्हणून. मी म्हटलं शून्य नको, सगळा भार बाहेर जाईल, बेअरिंग खराब होईल, मडगार्डच्या बाहेर आलं तर पोलीस पण धरतील. तीस घे. अगदी कडेला येईल, बाहेर पडणार नाही.

कुणाल : म्हंजे ती चाकं तू निवडलीस?

हेमाली : आकडा मी सांगितला. डिझाईन त्याचं.

कुणाल : तू निवडलीस! वर्षभर मी त्या चाकांवर जळतोय. गल्लीतून ती गाडी गेली की माझ्या घशाखाली घास उतरत नाय. आणि ती चाकं माझ्याच बहिणीनं निवडून दिली. माझ्या घरात बसून. माझ्या ताटासमोर.

हेमाली : त्यानं विचारलं, मी सांगितलं. तू विचारलंस?

कुणाल : मी का विचारू? बहीण माझी हाय. सख्ख्या भावानं अर्ज करायचा काय?

हेमाली : अर्ज कशाला? नुसतं विचारायचं.

कुणाल : त्याच्यासाठी सगळं आपोआप असतं. स्कूटर कुणी शिकवली, प्रितेश दादांनी. कॉलेजचा फॉर्म, प्रितेश दादा. पाऊस आला, शिफ्ट सुटली, तुला आणायला कोण? दादा. मला फोन केलास कधी?

हेमाली : तुझी टेनिस बॉल क्रिकेटची टुर्नामेंट असायची.

कुणाल : पावसात टुर्नामेंट?

हेमाली : पावसात तू झोपायचास.

कुणाल : उठवायचं ना! आणि पहिला पगार झाला तेव्हा? सांग. पहिल्या पगारात त्याला काय आणलंस? घड्याळ. डब्यातलं, मखमली डब्यातलं. आणि मला काय? बनियन.

हेमाली : तीन बनियन होती.

कुणाल : तीनशे असू दे! त्याला घड्याळ, मला बनियन! मित्रांना मी सांगितलं, बहिणीनं शर्ट दिला. खोटं बोललो मी तुझ्यापायी.

हेमाली : तुझ्या बनियनला भोकं होती, कुणाल. दोरीवर रोज मीच वाळत घालायची. काखेत फाटलेलं, तेच घालून फिरायचास. प्रितेश दादाची बनियन कशी असतात ते मला काय माहीत? म्हणून घड्याळ आणलं. ज्याच्याबद्दल आपल्याला काही माहीत नसतं, त्याला घड्याळच देतात.

कुणाल : हे तू आत्ता जुळवलंस.

हेमाली : तुझी शपथ.

कुणाल : बरं, बनियन जाऊ दे. त्याला दादा म्हणतेस. मला काय म्हणतेस? कुण्या. फारच लाडात आलीस तर कुणाल. मी तुझ्यापेक्षा मोठा हाय का नाय?

हेमाली : मोठा आहेस. थोडासा.

कुणाल : थोडासा का असेना. आयुष्यात एकदा म्हणालीस? राखी बांधताना पण, "हात पुढं कर रे." त्याला, "दादा, हात द्या." द्या!

सीताबाई : गो हेमाली, चालन! हात सुकले माझे पिठाचे.

हेमाली : आणते आई!

सीताबाई : आनि कुनाल, पितेसचा फोन येलता. गारी धुवून झाली, फुलवाला कवा येतो म्हनतो. सांग त्याला.

कुणाल : त्याला सांग, तूच धुतलीस तर तूच सजव.

सीताबाई : येवरं नाकाला मिरच्या झोंबायला काय झालं रं? त्यानं का तुझं खाल्लंय? नारल तर भावानंच ठेवायचा हाय. तुझाच मान हाय त्यो. गारी कोनाची बी असू दे.

कुणाल : हां. त्याच्या चाकाखाली मी वाकायचं. नारळ ठेवायचा. आणि तो वर बसून गिअर टाकणार.

सीताबाई : तू बस बोंबलत. मी जातंय. ही चालन न्हेतंय मी.

हेमाली : ने. झालं शिकवून.

कुणाल : हेमा, एकच सांग. चाकं वगैरे सोड. माझी गाडी का नको? मला खरं पाहिजे. लाज वाटते माझी? तुझे सासरचे दिघाशीवाले काय म्हणतील, भाऊ काय करतो, तर गोडाऊनचं भाडं खातो आणि बॅट फिरवतो. तो प्रितेश ट्रान्सपोर्टचं ऑफिस काढून बसलाय. म्हणून?

हेमाली : नाही.

कुणाल : मग? माझं ड्रायव्हिंग?

हेमाली : तुझं ड्रायव्हिंग वाईटच आहे. पण ते नाही.

कुणाल : मग बोल ना.

हेमाली : नको. आत्ता नको. काजळ घातलंय.

कुणाल : काजळाचा काय संबंध?

(मागच्या अंगणात लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गायला बसली आहे. तिच्यामागून बायकांचा सूर उठतो.)

हेमाली : आईचं काय होईल रे आज?

कुणाल : काय होणार? मी हाय ना.

हेमाली : बाबांना नेलं तेव्हापासून ती दाराशी उभी राहिली की मला भीती वाटते. आज पण तिथंच उभी राहणार. मी ठरवलंय, मी गाडीत बसताना तिला माझं हसतं तोंड दिसलं पाहिजे. एवढंच पाहिजे मला. हार नको, फटाके नको, काही नको. मी हसत गेले की ती आत जाऊन जेवेल. रडत गेले तर चार दिवस पाणी पिणार नाही.

कुणाल : मग हस ना. माझ्या गाडीत हसायला बंदी हाय?

हेमाली : तुझ्या गाडीत मी मागं बसणार. समोर आरसा. आरशात तू.

कुणाल : मग?

हेमाली : तुला रडू यायच्या आधी तुझे कान लाल होतात. लहानपणापासून. डोळे नंतर, आधी कान. मागून मला तुझे कानच दिसणार. ते लाल झालेले बघितले की माझं संपलं, कुणाल. दार उघडून उतरेन मी. दिघाशीला जाणारच नाही. नवऱ्याला एकट्यालाच जावं लागेल.

कुणाल : मी काय रडणार नाय.

हेमाली : आत्ता हात लाव कानाला.

कुणाल : ऊन हाय.

हेमाली : दादाच्या गाडीत मी पाहुण्यासारखी बसेन. त्याच्यासमोर मी कधी रडलेच नाही. त्याच्याशी मी नीटच बोलते, जपून बोलते. दादा, द्या, घ्या, या. म्हणून तिथं मला हसता येईल. तुझ्याशी मी कधी जपून बोलले?

कुणाल : कधी नाय.

हेमाली : तुला दादा म्हटलं तर मला परक्यासारखं वाटतं. जीभच वळत नाही.

कुणाल : हे आधी सांगायचं होतंस. मी चाकं घेतली नसती.

हेमाली : आधी सांगितलं असतं तर तुझे कान महिनाभर लाल राहिले असते. मला पत्रिका पण वाटता आल्या नसत्या.

कुणाल : त्याला सांगितलंस? माझ्या कानाचं?

हेमाली : नाही.

कुणाल : नक्की?

हेमाली : हे फक्त मला माहीत आहे. आणि आता तुला.

कुणाल : बरं. नको सांगू त्याला. मी काय म्हणतो, आत्ता जातो नाक्यावर. त्या भय्याच्या पाया पडतो. जुनी दे नाय तर तीसवाली दे म्हणतो. लगीन संध्याकाळी हाय, येईन तोवर.

हेमाली : कुठं जाऊ नकोस. काल पण गेला होतास.

कुणाल : घासतंय ना ते. सगळ्यांसमोर वाजेल. प्रितेश विचारेल, काय रे, काय आवाज? त्याला काय सांगू?

हेमाली : चाकाच्या वरून आत हात घाल. बघ कशाला लागतंय. लोखंडाला का प्लास्टिकला?

कुणाल : थांब. प्लास्टिकला. काळं अस्तर असतं ना आतलं, ते खरचटलंय थोडं.

हेमाली : टायरच्या आतल्या बाजूला बोट फिरव. चीर आहे कुठं?

कुणाल : नाय. गुळगुळीत हाय.

हेमाली : दुसऱ्या बाजूचा पण बघ.

कुणाल : बघितला. तो पण बरा हाय.

हेमाली : मग आजच्या वाटेला काही होत नाही. हळू चालव, गाडीत कुणाला कोंबू नकोस. परवा बदल. आणि आकडा मला विचारून घे.

कुणाल : चालवू कुठं? मला कुठं जायचंय? नारळ ठेवला की माझं काम संपलं.

हेमाली : दादाच्या गाडीच्या मागं लाव. लगेच मागं. मधे कुणाला घुसू देऊ नकोस, मामाला पण नाही.

कुणाल : मामा घुसणार. त्याला हॉर्न वाजवायचा असतो.

हेमाली : त्याला मागं टाक. आणि ऐक. सरळ रस्त्याला तुझं चाक घासणार नाही, आवाज येणार नाही. पण आपल्या गल्लीतून निघताना देवळापाशी पूर्ण वळावं लागतं. तिथं वाजेल.

कुणाल : वाजेलच.

हेमाली : मग माणकोली नाक्याला पुलाखालून वळताना. तिथं बँजोवाले वाजवायचं थांबवतात, शांत असतं. मग पुढं दिघाशीच्या फाट्याला. तिकडचा रस्ता अरुंद आहे, पूर्ण स्टेअरिंग मारावं लागेल तुला.

कुणाल : वाजू दे म्हणतेस?

हेमाली : वाजू दे. मला आत ऐकू येईल. मागं वळून बघावं लागणार नाही.

सीताबाई : कुनाल! त्या पितेसला फोन केलास का? आनि नारल?

कुणाल : करतो गं आये! आणतो!

हेमाली : जा. आधी तोंडावर पाणी मार. मग त्याला फोन कर.

कुणाल : हेमा.

हेमाली : काय?

कुणाल : तो एसी फुल करून काचा बंद ठेवतो. त्याला सांग, मागची काच खाली ठेव म्हणून.